घरची शाळा – लेखांक ६ : गुळाच्या ढेपेतलं जग

मागच्या लेखांकात मुलांना घेऊन आपण आगाशिवच्या लेण्यांत गेलो. आज डोंगर उतरून खाली, मलकापूरच्या आसपासच्या उसात. कराड तालुक्यातल्या सहा-सात वर्षांच्या पोराला ऊस शिकवावा लागत नाही. कांडं कुठे मोडायचं, शेंड्यापेक्षा बुडखा जास्त गोड असतो, हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनच जगाची ओळख इथून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे.

परदेशांच्या संस्कृती शिकवायच्या म्हटलं की झेंडे रंगवले जातात, किमोनोतली बाहुली वहीत चिकटवली जाते. मुलाच्या मनात मात्र एवढंच उरतं, की ती माणसं काहीतरी निराळी आणि गमतीशीर. त्यापेक्षा आपल्याकडे होणारं एखादं काम तिकडे कसं करतात, हे हातानं करून बघू द्या. आधी ओळख पटू दे, फरक नंतर दिसू दे.

रसवंतीवरून दोन लिटर रस आणा. लिंबू, आलं, बर्फ नको म्हणून आधीच सांगा. फडक्यातून गाळून जाड बुडाच्या पसरट कढईत उकळत ठेवा. गॅसपाशी मोठं माणूसच हवं. उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो. मुलांनी लांब बसून दोन-तीन भेंड्या ठेचून पाण्यात चोळायच्या. ते बुळबुळीत पाणी गाळून रसात ओतलं की मळी वर गोळा होते. तुम्ही ती झाऱ्यानं काढा आणि वाटीत घेऊन मुलांना दाखवा. गुऱ्हाळावरही भेंडीची झाडं ठेचून हेच करतात. रस आटत गेला की आधी काकवी होते. आणखी आटू द्या, मग एक थेंब गार पाण्यात टाका. बोटांत त्याची घट्ट गोळी वळली की कढई उतरवा, घोटा आणि तूप लावलेल्या वाटीत ओता. दोन लिटरचा तीन-चारशे ग्रॅम गूळ होतो. दोन लिटरचं एवढंसंच झालेलं बघून मुलं जो प्रश्न विचारतील, त्याचं उत्तर लगेच देऊ नका.

आता नकाशा उघडा. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया शोधा. तिथल्या डोंगराळ खेड्यांत असाच गूळ होतो, त्याला पानेला म्हणतात. तिथल्या गुऱ्हाळाचं नाव त्रापिचे. मळी काढायला तिथे ग्वासिमोसारख्या झाडांच्या सालीचा चिकट रस वापरतात. आपली भेंडी, त्यांची साल, युक्ती एकच. भेंडीनं हात चिकट झालेल्या मुलाला हे ऐकून जो आनंद होतो, तो झेंडा रंगवून होत नाही. उन्हातून आलेल्याला आपण गूळ-पाणी देतो. तिकडे थंडीत गरम पाण्यात पानेला विरघळवून, कधी लिंबू पिळून पितात; त्यात चीजचे तुकडेही बुडवतात. आपल्याच गुळाचं ते पेय करा, पनीरचे तुकडे टाका आणि घरातल्या आजी-आजोबांना मुलांच्या हातून द्या.

जपानच्या ओकिनावा बेटांवरही काळा गूळ होतो, कोकुतो. त्याचे ओबडधोबड खडे चहाबरोबर नुसते खातात. एवढं पुरे, लहान मुलांना एका दिवसात दोनच देश द्यावेत.

घरात आठ-नऊ वर्षांचं मूल असेल, तर त्याला पुढचीही गोष्ट सांगा. ऊस मुळात न्यू गिनीकडचा. रसाची दाणेदार साखर करण्याची विद्या भारतात वाढली. ती शिकायला चीनच्या सम्राटानं इ. स. ६४७ मध्ये मगधाकडे माणसं पाठवली. १४९३ मध्ये कोलंबसानं ऊस कॅरिबियन बेटांवर नेला, आणि त्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली गेली. हे लपवू नका, फक्त तपशील वयाप्रमाणे द्या. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केल्यावर १८३४ पासून भारतातले मजूर करारावर मॉरिशसला गेले. पुढे मुंबई बंदरातून त्यात मराठी माणसंही गेली, बरीचशी कोकणातली. त्यांची पोरंबाळं तिथे अजून गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. आपल्या गणपतीचं चित्र मुलांना नकाशात मॉरिशसवर चिकटवू द्या.

आणि एक काम उरतं, ते सगळ्यांत जवळचं. हंगामात बीडकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या कोप्या आपल्याच शिवारात पडतात. त्यांची भाकरी, त्यांची बोली, पहाटे उठून फडात जाण्याची रीत, हीसुद्धा मुलांनी ओळखायची संस्कृतीच आहे. त्या मजुरांना विचारून, त्यांच्या सवडीनं जा. फोटो काढू नका. त्यांच्या पोरांबरोबर आपली पोरं तासभर खेळू द्या, आणि तुम्ही केलेला गूळ बरोबर न्या.

पुढच्या आठवड्यात मिरची घेऊ. त्यासाठी घरातल्या लाल मिरच्या, एक कुंडी आणि जगाचा मोठा नकाशा तयार ठेवा.