लेसरचा रंग आणि त्याचे सामर्थ्य

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर उभारलेल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. संध्याकाळी उतरणीला लागलेल्या विमानाचे दिवे पाहणे हा पेडणे व डिचोली तालुक्यांतील अनेक गावांचा आता नित्याचा अनुभव आहे. जत्रेच्या फेरीत मिळणाऱ्या अथवा टपालाने घरपोच येणाऱ्या लेसर पॉइंटरचा विचार या विमानांशी जोडून करण्याची वेळ त्यामुळे आली आहे.

लेसर पॉइंटर विकत घेऊन न थांबता तो स्वतः जुळविणारे हौशी लोक जगभर आहेत. नेहमीच्या तांबड्या किंवा हिरव्या प्रकाशावर त्यांचे समाधान होत नाही. जांभळा, निळा, आकाशी, पिवळा, इतकेच नव्हे तर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारे डायोड मिळवून, त्यांना विद्युतप्रवाह देऊन, त्यांची शक्ती व तरंगलांबी मोजून पाहणे हा त्यांचा छंद. आपल्याकडील विज्ञान प्रदर्शनांतही असे प्रयोग मांडण्याची इच्छा विद्यार्थ्यांना होणे स्वाभाविक आहे. या छंदाला विरोध करण्याचा येथे हेतू नाही. तो डोळसपणे, म्हणजे अगदी शब्दशः डोळे शाबूत ठेवून, कसा करावा एवढेच सांगावयाचे आहे.

विजेच्या दिव्यातून निघणारा प्रकाश अनेक तरंगलांबींचे मिश्रण असतो व तो सर्व दिशांना पसरतो. लेसरचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असून एका दिशेने अरुंद झोताच्या रूपाने जातो. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागात, मोजतात. सामान्य तांबडा पॉइंटर ६५० नॅनोमीटरचा, हिरवा ५३२ चा, तर जांभळा ४०५ चा असतो. सुमारे ७०० च्या पलीकडील प्रकाश डोळ्यांना दिसेनासा होतो. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात.

जगातील पहिला लेसर थिओडोर मैमन यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीपासून सिद्ध केला. त्याचा प्रकाश गडद तांबडा, ६९४.३ नॅनोमीटरचा होता. त्यानंतर चार वर्षांच्या आत बारामती येथे जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले चंद्रकुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर निर्माण केला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या कितीतरी पलीकडची. धातू कापणारा हा झोत मुळीच दिसत नाही. भारतातील पहिला डायोड लेसरही न दिसणाऱ्या प्रकाशाचाच होता. गॅलियम आर्सेनाइडचा हा लेसर तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात १९६४ साली तयार झाला आणि पुढल्याच वर्षी त्याच्या साहाय्याने तुर्भे व कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यामध्ये प्रकाशाद्वारे संदेशवहन करण्यात आले. प्रकाश दिसत नाही म्हणून तो दुबळा असतो असे नव्हे, हे या दोन्ही उदाहरणांवरून ध्यानात येईल. हौशी माणसाची फसगत बहुधा येथेच होते.

आपला डोळा सर्व रंगांना सारखा दाद देत नाही. ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश त्याला सर्वांत तेजस्वी भासतो. समान शक्तीचे दोन झोत घेतले, तर ५३२ चा हिरवा झोत ६५० च्या तांबड्यापेक्षा सुमारे आठपट प्रखर दिसतो. ४५० चा निळा झोत त्या हिरव्याच्या मानाने वीस-बावीसपट मंद, तर ४०५ चा जांभळा हजारपटीहून अधिक मंद दिसतो. जांभळा ठिपका फिका आहे असे पाहून मुलगा प्रवाह वाढवीत जातो, आणि बाहेर पडणारी शक्ती मात्र कधीच धोक्याच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. सुमारे ४०० ते १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश, दिसो वा न दिसो, डोळ्याच्या भिंगातून आत जाऊन दृष्टिपटलावर अतिसूक्ष्म बिंदूत एकवटतो. १ मिलिवॅटपर्यंतच्या दृश्य झोतापासून पापणी मिटण्याची उपजत क्रिया, जी पाव सेकंदात घडते, सहसा आपले रक्षण करते. ५ मिलिवॅटच्या पुढे तेवढा अवधी पुरेसा समजला जात नाही, आणि अर्ध्या वॅटच्या पुढील लेसरचा भिंतीवर पडलेला ठिपका जवळून पाहणेही घातक ठरू शकते. अवरक्त प्रकाशात तर पापणी मिटण्याचे कारणच उद्भवत नाही. जळलेले दृष्टिपटल पूर्ववत करण्याचा खात्रीचा उपाय नाही.

स्वस्त हिरव्या पॉइंटरची गोष्ट अधिक विलक्षण आहे. अशा बहुतेक पॉइंटरांत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड एका स्फटिकाला उत्तेजित करतो, त्यातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो व दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा प्रकाश देतो. उरलेला अवरक्त प्रकाश अडविण्यासाठी शेवटी गाळणी बसवावयास हवी. पैसे वाचविण्यासाठी तीच गाळली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या एका पॉइंटरचा हिरवा प्रकाश मंद होता, पण त्यातून जवळजवळ २० मिलिवॅट अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. त्याच संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटरांची तपासणी जाहीर केली. हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के व तांबड्यांपैकी सुमारे ४४ टक्के पॉइंटर तेथील सुरक्षा नियमांत बसले नाहीत. वेष्टनावरील आकड्यावर किती विसंबावे, हे यावरून ठरवावे.

आता जुळणीविषयी. लेसर डायोडला केवळ योग्य दाब देऊन भागत नाही. त्याचा प्रवाह नियंत्रित असावा लागतो. एका ठराविक प्रवाहापर्यंत तो साध्या दर्शक दिव्याप्रमाणे मिणमिणतो व तो उंबरठा ओलांडताच लेसर म्हणून कार्य करू लागतो. त्यापुढे थोड्या मिलिअँपिअरच्या फरकाने शक्ती झपाट्याने वाढते. तांबड्या डायोडला दोन-तीन व्होल्ट पुरतात, निळ्या-जांभळ्याला चार ते पाच लागतात. म्हणून एकासाठी बनविलेले मंडल दुसऱ्यास जोडू नये. अंगावरील स्थिर विद्युतही डायोड निकामी करते. आपल्या पावसाळ्यातील दमट हवेत हे संकट कमी असते, माघातील कोरड्या दिवसांत अधिक.

चाचणी उजेड असलेल्या खोलीत घ्यावी, कारण अंधारात बाहुली मोठी होऊन अधिक प्रकाश आत जातो. झोत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीत नसावा आणि त्याच्या वाटेच्या शेवटी खडबडीत, चकाकी नसलेले काही ठेवावे. छपरावरचे मातीचे जुने कौल या कामी उत्तम. अंगठी, घड्याळ काढून ठेवावे. संरक्षक चष्मा त्या त्या तरंगलांबीचाच हवा. निळा झोत अडविणाऱ्या नारिंगी चष्म्यातून तांबडा व अवरक्त प्रकाश सुखेनैव पार होतो. उन्हाचा काळा चष्मा हा लेसरचा चष्मा नव्हे.

शाळेत १ मिलिवॅटहून अधिक शक्तीचा पॉइंटर वापरूच नये, आणि तेवढ्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. वरचा चकचकीत थर काढून टाकलेली जुनी सीडी घ्यावी. तिच्यावरील रेषांमध्ये १६०० नॅनोमीटरचे अंतर असते. तिच्यातून झोत सरळ जाऊ दिला की समोरच्या भिंतीवर मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना ठिपके उमटतात. सीडी भिंतीपासून १ मीटरवर असेल तर ६५० चा तांबडा ठिपका मध्यापासून सुमारे ४४ सेंटीमीटरवर, ५३२ चा हिरवा ३५ वर आणि ४०५ चा जांभळा २६ वर पडतो. साध्या मोजपट्टीने तरंगलांबी मोजता येते, याचा मुलांना होणारा आनंद शिक्षकांनी अवश्य अनुभवावा. विद्यार्थी मात्र झोताच्या मागील बाजूस उभे असावेत. खोबरेल तेलात चिमूटभर हळद मिसळून त्यावर जांभळा झोत सोडला असता तेल हिरवट तेजाने उजळते. डोळ्याला क्षीण भासणाऱ्या त्या झोतात किती शक्ती होती, हे हळद दाखवून देते.

विमानाचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे, कारण तेथे डोळा जळण्याआधीच अनर्थ संभवतो. झोत अरुंद दिसला तरी तो पसरत जातो. सर्वसाधारण पॉइंटरचा झोत १ किलोमीटरवर सुमारे १ मीटर व ५ किलोमीटरवर ५ मीटर रुंद होतो. वैमानिकाच्या कक्षाची काच त्याने पूर्ण भरून जाते, आणि काचेवर विखुरलेल्या प्रकाशामुळे ऐन उतरण्याच्या क्षणी धावपट्टी दिसेनाशी होते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार विमानतळापासून १८.५ किलोमीटरपर्यंत दर चौरस सेंटीमीटरला ५ मायक्रोवॅट ही लेसर प्रकाशाची कमाल मर्यादा आहे. धावपट्टीच्या निकटच्या पट्ट्यात ती याच्या शंभरावा हिस्सा. हौशी लोकांकडे असणारा १ वॅटचा पॉइंटर ५ किलोमीटर अंतरावरही ही पहिली मर्यादा गाठतो. मोपापासून १८.५ किलोमीटरच्या वर्तुळात जवळजवळ सारा पेडणे तालुका आणि लाटंबार्सेसह डिचोली तालुक्याचा उत्तरेकडील बराच भाग येतो. हरमल, मांद्रे, मोरजीच्या किनाऱ्यावरील रात्रीच्या कार्यक्रमांत आकाशाकडे झोत सोडणाऱ्यांनी, तसेच त्यांना परवानगी देणाऱ्यांनी, हे अंतर लक्षात घ्यावे.

मिरवणुकांतील लेसरचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर पुणे व नाशिक येथील नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण आले आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. आपल्याकडील चतुर्थी व नरकासुराच्या रात्री आयोजकांनी भाड्याने आणलेल्या लेसरची शक्ती आधी विचारून घ्यावी. ती ५ मिलिवॅटहून अधिक असल्यास झोत प्रेक्षकांच्या डोक्यांच्या पातळीत येणार नाही अशी व्यवस्था करावी.

झोत डोळ्यात गेल्यावर दृष्टीच्या मध्यभागी काळा किंवा धूसर ठिपका राहिला, सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या, तर डोळा चोळू नये, कसलेही थेंब घालू नयेत व त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. बरोबर तो पॉइंटरही न्यावा, म्हणजे त्याची तरंगलांबी व शक्ती डॉक्टरांना कळू शकेल.