उणीव तशी जिग

घरगुती सुतारकामातल्या जिगांचा, म्हणजे लाकूड किंवा अवजार नेमकं धरून चालवायला केलेल्या साधनांचा, माग काढत गेलं की एक गोष्ट ठळक दिसते. अवजाराला जे जमत नव्हतं, त्याचीच जिग झाली.

चार्ल्स हेवर्ड १९३९ ते १९६७ या काळात ब्रिटनमधल्या 'द वुडवर्कर' मासिकाचे संपादक होते. त्यांचा वाचक हातकरवत आणि रंधा वापरणारा. हातकरवतीने टोक काटकोनात कापलं तरी ते खरबरीत राहतं, किंचित कललेलंही. त्यावरचा उपाय म्हणजे शूटिंग बोर्ड: एक फळी, तिच्यावर काटकोनात बसवलेली आडपट्टी आणि कडेने आडवा सरकणारा रंधा. आडपट्टी दोन कामं करते. कोन राखते आणि मागून आधार देऊन लाकडाचा शेवटचा कोपरा फुटू देत नाही. रंधा केसासारखा पापुद्रा काढत जातो आणि मोजपट्टीवर न दिसणारा फरकही दुरुस्त होतो. माझ्या मते घरी करायची पहिली जिग आजही हीच.

त्याच १९३९ साली अमेरिकेत डेल्टा कंपनीची 'युनिसॉ' ही टेबल सॉ, म्हणजे टेबलातून पातं वर येणारी करवत, आली. १९४७ मध्ये 'शॉपस्मिथ'ने करवत, लेथ आणि ड्रिल एकाच यंत्रात घालून गॅरेजपर्यंत पोचवली. सरळ कापायची चिंता मिटली, पण आडवं कापताना लाकडाला कोनात धरणारा, यंत्रासोबत येणारा मायटर गेज आखूड पडायचा आणि टेबलाच्या खाचेत हलायचा. म्हणून क्रॉसकट स्लेड आली: टेबलाच्या दोन्ही खाचांत धावणारे रनर आणि त्यांच्यावर पाट. १९७५ मध्ये सुरू झालेलं 'फाइन वुडवर्किंग' मासिक आणि १९८९ ते २००९ चाललेला नॉर्म अब्रामचा टीव्ही कार्यक्रम 'न्यू यांकी वर्कशॉप' यांच्यामुळे असल्या जिगा घरोघरी पोचल्या.

स्लेडचा काटकोन तपासायची पाच कापांची रीत यूट्यूबवर सुतारकाम शिकवणाऱ्या विल्यम इंगमुळे गाजली. फळी फिरवत चार बाजू कापायच्या, मग पाचव्या कापात एक पट्टी काढून तिच्या दोन टोकांची जाडी मोजायची. फरक चौपट झालेला असतो, त्यामुळे पकडता येतो. ४०० मिलिमीटरच्या पट्टीत ०.४ मिलिमीटर फरक आला, तर खरी चूक ०.१. बॉक्स जॉइंटच्या, म्हणजे बोटांसारख्या एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याच्या, जिगमध्ये मात्र हेच गणित उलटतं. प्रत्येक खाच आधीच्या खाचेवरून ठरते, म्हणून ०.१ मिलिमीटरची चूक दहाव्या बोटापर्यंत एक मिलिमीटर होते.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये टेबल सॉला जागा नाही आणि आवाजावरून शेजारी दार वाजवतात. इथली अडचण आठ बाय चार फुटांची प्लाय सरळ कापायची. त्यासाठी सर्क्युलर सॉचा मार्गदर्शक पुरतो. रुंद प्लायवर एक सरळ पट्टी चिकटवायची, तिला टेकवून सॉ एकदा चालवायची. खालच्या प्लायची कड बरोबर पात्याच्या रेषेत कापली जाते. पुढे ती कड खुणेवर ठेवून क्लॅम्प लावला की झालं.

स्लेड करायचीच असेल, तर कोकणात रनर साध्या लाकडाचे नकोत. पावसाळ्यात ते रुंदीला फुगतात आणि खाचेत अडकतात. सागवान त्यातल्या त्यात कमी हलतं, ॲल्युमिनियमची पट्टी अजिबात फुगत नाही.