सूर्यमुद्रणासाठी मोठी निगेटिव्ह

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणातील दाट कोरीवकामाने भरलेला असून नंतरच्या काळात बांधलेला वरचा भाग पांढरा आहे, त्यामुळे कडक उन्हात घेतलेल्या छायाचित्रात शिखराचा उजेड आणि शिल्पांमधील सावली यांतील अंतर फार मोठे पडते. हे अंतर सायनोटाइपसारख्या जुन्या हस्तमुद्रण पद्धतीने कागदावर उतरवायचे, तर निगेटिव्ह त्यासाठीच घडवावी लागते.

जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या सायनोटाइप पद्धतीत फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे मिश्रण कागदावर लावून तो अंधारात वाळवतात. अतिनील किरण पडले की मिश्रणातील फेरिक लोहाचे फेरस लोह होते, त्याची फेरीसायनाइडशी अभिक्रिया होऊन प्रशियन ब्ल्यू हे न विरघळणारे निळे रंगद्रव्य तयार होते आणि उरलेले रसायन साध्या पाण्याने धुऊन जाते. मात्र ही अभिक्रिया मंद असून प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या दिव्यात अतिनील प्रकाश अगदीच थोडा असल्यामुळे लहान निगेटिव्हवरून मोठा ठसा घेणे व्यवहारात जमत नाही. निगेटिव्ह कागदाला चिकटवून उन्हात ठेवावी लागते, म्हणजेच ठसा जेवढा हवा तेवढीच ती असावी लागते. हिंगोलीचा परिसर ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होता, त्या राज्याच्या दरबाराचे छायाचित्रकार लाला दीन दयाळ यांच्या काळातील अल्ब्युमेन कागदालाही हेच बंधन होते, म्हणून त्या पिढीने काचेच्या मोठ्या प्लेट्स आणि अवजड कॅमेरे वाहून नेले.

आज संगणकावर प्रतिमा उलटी करून, म्हणजे उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड आणून, ती इंकजेट प्रिंटरने पारदर्शक फिल्मवर हव्या त्या आकारात छापता येते. खरे कौशल्य मात्र त्यापुढे सुरू होते. फिल्मवरील शाई डोळ्याला जितकी गडद दिसते तितकीच ती अतिनील किरणांना अडवते असे नाही. फिकट वाटणारी पिवळी शाईदेखील त्यांना बऱ्यापैकी रोखू शकते, आणि म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर विसंबणे हा या कामातील सर्वात महागडा मोह आहे. त्याऐवजी प्रथम कोऱ्या फिल्मखाली कागद वेगवेगळ्या अवधींसाठी उन्हात ठेवून, ज्या सर्वात कमी वेळात निळा रंग पूर्ण गडद होतो तो वेळ पक्का करतात. नंतर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या क्रमिक छटांची पट्टी निगेटिव्ह म्हणून छापून त्याच वेळेत तिचा ठसा घेतात आणि कोणत्या छटा एकमेकींत मिसळल्या हे मोजतात. या मोजमापावरून संगणकात दुरुस्तीचा आलेख बसवला जातो, जो मिसळणाऱ्या छटांना आधीच ताणून वेगळे करतो. औंढ्याच्या चित्रात शिखरावर शाईचा थर सर्वात दाट आणि सावलीतील शिल्पांवर सर्वात विरळ राहील. आलेख चुकला, तर एकतर शिखर कोरे पडेल किंवा खालच्या मूर्ती निळ्या अंधारात बुडतील.

हा आलेख शाई, फिल्म, कागद आणि रसायनाचे प्रमाण यांच्याशी बांधलेला असतो, आणि यांपैकी एक जरी बदलले तरी पट्टी पुन्हा छापावी लागते. उन्हाची तीव्रता ऋतू आणि ढगांनुसार बदलत असल्यामुळे मे महिन्यात ठरवलेला वेळ पावसाळ्यात उपयोगी पडत नाही, शिवाय हवेतील ओलाव्याने लेप लावलेल्या कागदाचे वर्तनही बदलते. म्हणून मराठवाड्यात हे काम करू पाहणाऱ्याने मूळ चित्राला हात लावण्यापूर्वी त्याच दिवशीच्या उन्हात छटांच्या पट्टीचा एक छोटा ठसा काढून पाहणे इष्ट ठरते.