उपवासाच्या भगरीतून विषबाधा : रुग्णाने, नातेवाइकांनी आणि शेतकऱ्याने काय करावे?

नवरात्र, एकादशी किंवा महाशिवरात्र आली की मराठवाड्यात भगर खाऊन चक्कर आल्याच्या, उलट्या झाल्याच्या बातम्या येतात. २० फेब्रुवारी २०२४ रोजी, एकादशीच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहाच्या प्रसादातील भगर-आमटी खाल्ल्यानंतर शेकडो भाविक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरली नाही. मोकळ्या जागेत दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या, आणि ती दृश्ये सर्वांनी पाहिली.

अशा घटनेनंतर घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, की भगर खावी की सोडून द्यावी? भगर हे चांगले धान्य आहे. त्रास होतो तो बहुतेकदा ओलाव्यामुळे आणि साठवणुकीमुळे. तो टाळण्याचे काम शेतकऱ्याच्या खळ्यावर सुरू होते आणि आपल्या स्वयंपाकघरात संपते.

भगरीत विष येते कुठून?

भगर म्हणजे वरईचे टरफल काढलेले दाणे. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि नगर जिल्ह्यातील अकोले या डोंगराळ पट्ट्यांत वरई पावसाळ्यात पिकते. कापणीच्या सुमारास पाऊस आला किंवा पीक ओले असतानाच त्याचा ढीग रचला, तर दाण्यावर बुरशी धरते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने भगरीबाबत वेळोवेळी दिलेल्या सूचनांत ॲस्परजिलस जातीच्या बुरशीचा आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या फ्युमिगाक्लेव्हिनसारख्या विषद्रव्यांचा उल्लेख असतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, शिजवल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेले विष बऱ्याच अंशी तसेच राहू शकते. म्हणून ‘चांगली शिजवली होती’ हे पुरेसे नाही. दुसरी, टरफल काढलेला दाणा लवकर खराब होतो आणि पीठ त्याहूनही लवकर. पीठ हवेतला ओलावा पटकन ओढते, आणि त्यातला खराब दाणा डोळ्यांना ओळखूही येत नाही.

भरड धान्यातील बुरशी किती घातक ठरू शकते, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातील बांधवगडला दिसले. तिथे कोदो खाल्लेले १० हत्ती दगावले. तपासणीत सायक्लोपियाझोनिक ॲसिड हे बुरशीजन्य विष सापडले. ते धान्य अजून शेतातच होते, कोणत्याही दुकानात गेलेले नव्हते.

लक्षणे कोणती?

बुरशीच्या विषाने त्रास झाला असेल तर साधारण काही तासांतच मळमळ, उलट्या, चक्कर, हातापायांना थरथर, अशक्तपणा आणि गुंगी येते. ताप सहसा नसतो.

पण भगर खाल्ल्यानंतरचा प्रत्येक त्रास बुरशीचाच असतो असे नाही. मोठ्या पातेल्यात शिजवून तासन्‌तास तशीच ठेवलेली भगर किंवा शेंगदाण्याची आमटी यांत जिवाणू वाढतात. त्यानेही उलट्या होतात, शिवाय जुलाब आणि पोटात कळा येतात. जुलाबासोबत ताप असेल तर दूषित पाण्याचाही विचार करावा लागतो.

मधुमेही रुग्णांसाठी वेगळी सूचना. उपवासात गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर चक्कर, घाम आणि थरथर ही साखर कमी झाल्याचीही लक्षणे असतात. भगरीला दोष देण्याआधी साखर तपासा. तपासण्याची सोय नसेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर साखरेचे पाणी द्या आणि दवाखाना गाठा.

घरी काय करावे?

- ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट-घोट द्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या.
- रुग्णाला कुशीवर झोपवा. चक्कर येत असताना एकट्याने उठू देऊ नका.
- घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका.
- गुंगीत असलेल्या माणसाला तोंडाने काहीही देऊ नका.
- मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. बुरशीच्या विषावर त्याचा उपयोग नाही.

या विषावर खास उतारा नाही. द्रवपदार्थ, उलटी थांबवणारे औषध आणि देखरेख हाच उपचार आहे. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत बरे होतात. मात्र झटके, शुद्ध हरपणे, न थांबणाऱ्या उलट्या, शौचातून रक्त किंवा ६ ते ८ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करा. लहान मुले, गरोदर महिला, वृद्ध आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत लक्षणे वाढण्याची वाट पाहू नका.

उरलेले अन्न फेकू नका

घाबरलेले नातेवाईक सगळ्यात आधी पातेले घासून ठेवतात. त्यासोबत पुरावाही जातो. दोष भगरीचा, आमटीचा की पाण्याचा, हे नमुन्याशिवाय सांगता येत नाही. उरलेले अन्न स्वच्छ डब्यात बंद करून, वर ‘खाऊ नये’ असे लिहून फ्रीजमध्ये ठेवा. कच्ची भगर, तिचे पाकीट आणि दुकानाची पावती जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. अन्न सुरक्षा कायदा, २००६ नुसार ग्राहक शुल्क भरून स्वतःही अन्नाची तपासणी करून घेऊ शकतो.

नमुना शेतकऱ्यासाठीही तितकाच महत्त्वाचा असतो. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलाय जिवाणूची मोठी साथ आली आणि ५० हून अधिक लोक दगावले. सुरुवातीला संशय स्पेनच्या काकड्यांवर घेतला गेला. तिथल्या शेतकऱ्यांचा माल कुजला, बाजार बंद पडला. पुढे माग काढल्यावर दोष मोड आलेल्या मेथीच्या बियांकडे निघाला. काकडीवाल्या शेतकऱ्यांचे नुकसान मात्र होऊन गेले होते. आपल्याकडेही ‘भगरच वाईट’ अशी हाकाटी झाली की ज्याने माल नीट वाळवला त्या शेतकऱ्यालाही फटका बसतो.

वरई पिकवणाऱ्यांनी काय करावे?

अन्न सुरक्षा कायदा शेतकऱ्याला आणि शेतातल्या उभ्या पिकाला लागू होत नाही. माल विकल्यानंतर तो लागू होतो. म्हणून खळ्यावर तपासायला कोणी येणार नाही, तिथली काळजी आपणच घ्यायची आहे.

- कापलेले पीक ओले असताना उडवी रचू नका. मळणीनंतर दाणे ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा.
- दाताखाली दाणा कट्‌कन तुटला पाहिजे, दबता कामा नये. ओलावा मोजण्याची सोय असेल तर तो १२ टक्क्यांहून कमी असावा.
- पोती जमिनीवर नको, फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवा.
- पावसात भिजलेला माल वेगळा ठेवा. चांगल्या मालात मिसळला तर सगळेच पोते जाते.
- कोणत्या दिवशी, कोणाला, किती माल दिला हे वहीत लिहा.
- आपल्या मालाबद्दल तक्रार आली तर उरलेली विक्री लगेच थांबवा, व्यापाऱ्याला कळवा आणि थोडा नमुना राखून ठेवा. तो माल धुऊन, पाखडून पुन्हा विकू नका आणि जनावरांनाही घालू नका.

खरेदी करताना

सुटी भगर आणि तयार पीठ टाळा. पाकिटावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख पाहा. कुबट वास, काळपट दाणे किंवा गुठळ्या दिसल्या तर घेऊ नका. घरी भगर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पीठ लागेल तेवढेच दळा आणि गेल्या उपवासाची उरलेली भगर या उपवासाला काढू नका. सप्ताहात किंवा भंडाऱ्यात शिजवलेली भगर दोन तासांच्या आत वाढून संपेल, इतक्याच बेताने टप्प्याटप्प्याने शिजवा.