व्यावसायिक कबड्डीपटू : एका शब्दाचे दोन अर्थ

लालबाग, परळ, काळाचौकी या भागात कबड्डीच्या स्पर्धा भरतात, तेव्हा मंडळाच्या फलकावर बहुधा दोन गट लिहिलेले असतात : 'स्थानिक' आणि 'व्यावसायिक'. स्थानिक गट कोणालाही समजतो. त्यात मंडळांचे आणि व्यायामशाळांचे संघ खेळतात. पण 'व्यावसायिक' म्हणजे काय, असे एखाद्या परक्या माणसाने विचारले तर आज त्याला दोन उत्तरे द्यावी लागतील, आणि ती एकमेकांपासून फार दूरची आहेत. या दोन्ही अर्थांनी व्यावसायिक ठरलेला एक मुंबईकर खेळाडू म्हणजे रिशांक देवाडिगा. त्याच्या कारकिर्दीच्या आधाराने हा शब्द नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जुना अर्थ पाहू. मुंबईच्या मैदानांवर व्यावसायिक संघ म्हणजे एखाद्या आस्थापनेचा संघ. बँका, रेल्वे, तेल कंपन्या, पोलीस दल, एअर इंडिया अशा ठिकाणी खेळाडू म्हणून भरती होत असे, आणि काही ठिकाणी ती अजूनही होते. या खेळाडूला सामन्यागणिक पैसे मिळत नाहीत. तो त्या आस्थापनेचा नोकर असतो आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेतो. सरावासाठी त्याला कामातून सवलत मिळते आणि स्पर्धेच्या वेळी रजा मिळते. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. वयाच्या तिशी-पस्तिशीत गुडघे बोलू लागले आणि संघातली जागा गेली, तरी कायम झालेल्याची खुर्ची जात नाही. तो इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे निवृत्तीच्या वयापर्यंत काम करतो. म्हणजे खेळाने दार उघडायचे आणि संसार नोकरीने चालवायचा, अशी ही रचना होती.

गिरणगावात या रचनेला फार मोल होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यानंतर एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले. बापाच्या जागी मुलगा लागण्याचा मार्ग बंद झाला. वशिला नाही, पैसा नाही, शिक्षण बेताचे, अशा घरातील मुलाला कायम नोकरी मिळवून देणाऱ्या ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यांपैकी एक कबड्डीच्या मैदानातून जात होती. म्हणूनच 'खेळून पोट भरते का?' असे विचारणारी आई शेजारच्या मुलाला बँकेत घेतल्याचे कळले की आपल्या मुलाला संध्याकाळी मैदानावर जायला अडवीत नसे.

रिशांक देवाडिगा याच वाटेने वर आला. मुंबईच्या उपनगरात वाढलेला हा चढाईपटू आधी देना बँकेकडून आणि नंतर भारत पेट्रोलियमकडून खेळला. कबड्डीचे जग त्याला ओळखत होते, पण त्या जगाबाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, आणि 'व्यावसायिक' या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. येथे खेळाडू नोकर नसतो. त्याचा लिलाव होतो. निरनिराळ्या संघांचे मालक त्याच्यावर बोली लावतात आणि ज्याची बोली मोठी, त्याच्याकडे तो त्या हंगामापुरता खेळतो. पुढच्या वेळी संघाने त्याला राखले तर ठीक, नाही तर पुन्हा लिलाव. पहिल्या हंगामात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली. ती १२ लाख ८० हजार रुपयांची होती. चारच वर्षांनी, २०१८ साली, मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख रुपये मिळाले. मातीतून मॅटवर आलेल्या खेळाला घराघरांतील दूरदर्शन संचावर जागा मिळाली, तिचा हा परिणाम.

रिशांक पहिले चार हंगाम यू मुंबा संघात होता. हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोहोचला आणि २०१५ साली बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून विजेता ठरला. त्या संघात रिशांकचे खास काम होते ते तिसऱ्या चढाईचे. ज्यांना हा नियम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया गुणाविना रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो आणि गुण प्रतिपक्षाला जातो. वेळ तीस सेकंदांचा. समोरच्यांना ठाऊक असते की हा रिकाम्या हाताने परत जाऊ शकत नाही, म्हणून ते घाई न करता त्याची वाट पाहतात. अशा वेळी नुसते बळ कामाला येत नाही, डोके शांत असावे लागते. त्या चढाईसाठी संघ रिशांकला पाठवी.

२०१७ साली तो यूपी योद्धा संघात गेला. त्या ऑक्टोबरात जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध एकाच सामन्यात त्याने २८ गुण मिळवले. लीगमधला तोपर्यंतचा तो विक्रम होता, पण तो त्याच महिन्यात मोडला गेला, आणि महिना संपण्याआधी परदीप नरवालने ३४ गुणांपर्यंत मजल मारली. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून ११ वर्षांनी विजेतेपद मिळवले. मे महिन्यातील लिलावात त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली. ऑगस्टमध्ये जकार्ता येथील आशियाई स्पर्धेसाठी भारतीय संघात त्याची निवड झाली. कल्याणचा गिरीश इरनाकही त्या संघात होता. १९९० पासून प्रत्येक वेळी सुवर्णपदक जिंकणारा भारत त्या वर्षी उपांत्य सामन्यात इराणकडून हरला आणि कांस्यपदकावर थांबला. एकाच वर्षात इतके चढउतार पाहणे फार थोड्यांच्या वाट्याला येते.

आता पुढचा भाग पाहावा. २०१९ च्या लिलावात रिशांकची बोली ६१ लाखांवर आली. २०२१-२२ च्या हंगामात तो बंगाल वॉरियर्सकडे होता. म्हणजे एक कोटीच्या शिखरावरून उतरण सुरू व्हायला एक वर्षही लागले नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईचा आलेख तर याहून बोलका आहे. २०१८ साली ३६ लाख ४० हजार, २०१९ साली १ कोटी ४५ लाख, खांद्याच्या दुखापतीनंतर २०२२ साली २० लाख, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा १ कोटी. माणूस तोच, खेळही तोच. बदलला तो खांदा आणि त्या खांद्याविषयीचा मालकांचा अंदाज.

यात कोणाचा दोष नाही. लिलाव खेळाडूच्या येत्या हंगामाची किंमत ठरवतो. त्याच्या आयुष्याची किंमत ठरवणे हे लिलावाचे कामच नव्हे. ते काम जुनी व्यावसायिक पद्धत करीत होती. पगार थोडा, पण तो खांद्यावर अवलंबून नव्हता. म्हणून मला असे वाटते की नव्या अर्थाने जुन्या अर्थाची जागा घेतलेली नाही. नवा अर्थ जुन्याच्या खांद्यावर उभा आहे. लीगच्या सुरुवातीला जे खेळाडू बेधडक मॅटवर उतरले, त्यांपैकी कितीतरी जणांच्या पाठीशी नोकरी होती. हंगाम बुडाला तरी घर बुडणार नव्हते.

काळजीची गोष्ट ही की हा खांदाच आता खचतो आहे. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली आणि तिचे नाव फलकावरून गेले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. जेथे भरती होते तेथेही कायम जागेऐवजी कंत्राटाची भाषा ऐकू येते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याचा आधार मोठा आहे. पण त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांतील प्रावीण्य लागते, शिवाय त्या पदाची शैक्षणिक पात्रताही लागते. येथे प्रश्न थेट आपल्या महाविद्यालयाच्या दारात येऊन उभा राहतो.

आपल्या वर्गांत कबड्डी खेळणारी मुले आहेत. त्यांपैकी अनेकांच्या घरांतून महाविद्यालयाची पायरी चढणारे ते पहिलेच. लिलावाचे आकडे ऐकून त्यांतील एखादा म्हणतो, 'पदवी घेऊन काय करू? एक हंगाम मिळाला तर दहा वर्षांचा पगार मिळेल.' त्याचे गणित चुकीचे नाही, अपुरे आहे. लीगमध्ये १२ संघ आहेत, आणि त्यांत सबंध देशाचे आणि परदेशांचे खेळाडू येतात. एक कोटीचा आकडा वर्तमानपत्रात येतो. ज्याच्यावर बोलीच लागली नाही, त्याचे नाव कोठेच येत नाही.

उलट, 'खेळ सोड आणि अभ्यास कर' हा उपदेशही मला पटत नाही. ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, तेथे मुलाच्या हातात असलेले एकमेव कसब टाकून द्यायला सांगणे सोपे असते, न्याय्य नसते. आपल्या गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की स्पर्धेहून परतलेल्या विद्यार्थ्याची हजेरी पाहताना त्याच्या बुडालेल्या तासांची भरपाई कशी होईल, हेही पाहावे. आणि मैदानावरच्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते की पूर्वी बँकेची खुर्ची जे काम करीत होती, ते काम आता पुष्कळ अंशी पदवीला करावे लागणार आहे. चढाई करणारा गडी मध्यरेषा ओलांडून पुढे जातो, तेव्हा मागे परतायचे अंगण शाबूत असते. ते अंगण पूर्वी नोकरीने राखले. यापुढे ते आपले आपल्याला राखावे लागेल.