सिस्टिम रिसोर्सेस (विंडोज ९८)

सिस्टिम रिसोर्सेस म्हणजे विंडोज ९५, ९८ व एमई या कार्यप्रणालींनी खिडक्या, मेनू, फॉन्ट इत्यादींच्या नोंदींसाठी राखलेली स्मृतिक्षेत्रे होत. त्यांपैकी ‘यूझर’ व ‘जीडीआय’ या विभागांतील १६-बिट क्षेत्रांची मर्यादा प्रत्येकी ६४ किलोबाइट असते. ती भरत आली की रॅम शिल्लक असूनही संसाधने अपुरी असल्याची सूचना येते. म्हणून केवळ रॅम वाढवून हा दोष दूर होत नाही. अशा वेळी संगणक अडकून न जतन केलेले काम नष्ट होऊ शकते. त्यामुळे प्रथम काम जतन करून अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत. काही प्रोग्राम बंद झाल्यावरही व्यापलेली जागा सोडत नाहीत. तेव्हा संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. विंडोज ९८मध्ये ‘एमएसकॉन्फिग’द्वारे आपोआप सुरू होणारे प्रोग्राम कमी करता येतात.