फेलिसेट : अंतराळातून परतलेली मांजरी

१८ ऑक्टोबर १९६३ रोजी फ्रेंच शास्त्रज्ञांनी अल्जीरियातील सहारा वाळवंटातून फेलिसेट नावाची मांजरी अग्निबाणाने अंतराळात धाडली. मेंदूतील घडामोडी टिपण्यासाठी तिच्या डोक्यात विद्युत्‌-तारा बसविल्या होत्या. सुमारे १५० किलोमीटर उंची गाठून ती १३ मिनिटांत हवाई छत्रीने सुखरूप परतली. मात्र दोनेक महिन्यांनी मेंदूच्या तपासणीसाठी तिला मारण्यात आले. २०१९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे तिचा कांस्यपुतळा उभा राहिला.

सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ, असे आपला धर्म सांगतो. त्या पंचेंद्रिय जीवाला पुतळ्याची नव्हे, त्या दानाची गरज होती. दुकानात माल मांडताना तो प्राण्यांवर पारखलेला नाही ना, एवढे विचारणे तरी आपल्या हाती आहे.